कोला आणि चवळी

त्या सोमवारी बाजारात माझ्या भज्यांच्या टोपलीत चिखलाचा गोळा पडला नसता, तर मी लासानाकडे मान वर करून पाहिलंही नसतं. आमच्या जेन्ने गावातल्या मोठ्या मातीच्या मशिदीच्या भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडावर तो ऐटीत बसला होता, भेग बुजवत.

"आडनाव काय?" वरून त्यानंच विचारलं. माफी राहिली बाजूला.

"दियारा."

"मग चालतंय. मी त्राओरे. चवळीखाऊंच्या टोपलीत काहीही पडलं तरी गोडच लागतं."

दियारा आणि त्राओरेंनी एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं आणि कुणी रागवायचं नाही, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यात मी विकते चवळीचीच भजी! आयतंच कोलीत मिळालं त्याला. दर सोमवारी खाली उतरायचा, माझीच भजी खायचा, वर मलाच चवळीखाऊ म्हणायचा. मीही सोडत नव्हते. उरलेले सहा दिवस मात्र... जाऊ दे, उरलेले सहा दिवस मी सोमवारची वाट बघायचे.

एकदा बोटं चाटत म्हणाला, "कुनांदी, तुमच्या घरी कोला पाठवू का?"

मुलीच्या घरी कोलाच्या बिया पाठवणं म्हणजे मागणी घालणं. मी म्हटलं, "तुमच्याकडे चवळीखेरीज असतं काय पाठवायला!" तो हसला — पण नेहमीसारखा नाही. हे माझ्या ध्यानात आलं घरी गेल्यावर.

पुढचे दोन सोमवार तो फिरकलाच नाही. मग पाणवठ्यावर कळलं, त्याच्या घरचे शुक्रवारी मोपतीच्या कुण्या मुलीकडे कोला पाठवताहेत. थट्टेची सवय इतकी वाईट, की माणूस समोर बसून खरं बोलून गेला आणि मला पत्ताच नाही.

गुरुवारी मशीद लिंपायची होती. सगळं गाव उतरलेलं. पुरुष चिखल वाहत होते, आम्ही पोरी पाणी. जो तो डोक्यापासून पायापर्यंत माखलेला. खांदे आणि चालायची ढब पाहून मी लासानाला हेरलं, बादली टेकवली आणि एका दमात म्हटलं, "कोला मोपतीला जाऊ देऊ नकोस. आमच्याकडे पाठव. थट्टा नाही करत, लासाना... तू मला फार आवडतोस."

त्या माणसानं तोंडावरचा चिखल पुसला. भुवया पांढऱ्या!

ते बामोयकाका होते, मशिदीचे मोठे गवंडी आणि लासानाच्या घरातले कर्ते. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"पोरी," ते सावकाश म्हणाले, "माझी दोन लग्नं झालीत." मग त्यांनी शिडीवरच्या एका माखलेल्या आकृतीला हाक मारली. "लासाना, खाली ये. ही चवळीखाऊ थट्टा करत नाही म्हणते."

आकृती उतरून पुढ्यात उभी राहिली. "नक्की?"

मी आधी बादली त्याच्या तोंडावर रिकामी केली. एकदा फसले होते ना! तोच होता. पापण्यांवरून पाणी निथळत होतं आणि लाजून लाल... चिखलात लाल कुठलं दिसायला, पण होता.

"नक्की," मी म्हटलं.

शुक्रवारी कोला आमच्या घरी आला. रीतीप्रमाणे दहा बिया, आणि तळाशी मूठभर चवळी. ही कुणी घातली म्हणून आई तणतणली. मी ती भिजायला वेगळी काढून ठेवली. सोमवारी तो भजी खायला येणार होता.