चौदा मिलिमीटर

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं, ती माझी सख्खी आत्या. सोनोग्राफीची डॉक्टर. भुताखेतांना हसणारी, आणि तीनदा विसळल्याशिवाय चहाचा कप तोंडाला न लावणारी.

गुरुवार होता. दुपारचे साडेतीन. भरदिवसा.

हॉस्पिटलच्या तळघरातली खोली. खिडकी नाही, फोन नाही, मोबाइलला रेंज नाही. एक मशीन, एक पलंग आणि जेलची बाटली.

शेवटची पेशंट शिवणकाम करणारी एक बाई होती. तिच्या गळ्यात थायरॉईडची गाठ. सुई घालून दोनदा पेशी तपासल्या होत्या आणि दोन्ही वेळा उत्तर एकच. कॅन्सर आहे की नाही, सांगता येत नाही. आता सगळं आत्याच्या सोनोग्राफीवर होतं. गाठ वाढली असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, तर ऑपरेशन. नाहीतर थांबायचं.

“मॅडम, काय ते एकदाचं सांगून टाका. जीव टांगणीला लागलाय नुसता.”

“मान मागे टाका, आणि आता बोलू नका,” आत्या म्हणाली.

तिने गळ्याला जेल लावलं, त्यावर मशीनचा दांडा, प्रोब, टेकवला. पडद्यावर गाठ आली. एका कडेला खूण केली, मग दुसऱ्या कडेला.

चौदा मिलिमीटर.

आत्याचा हात थांबला... गाठ डोळ्यांना चांगलीच मोठी दिसत होती.

पुन्हा मोजली. चौदा.

आडवी मोजली. चौदा.

मशीन बिघडलंय का बघायला तिने शेजारची श्वासनलिका मोजली...

चौदा.

हा आकडा तिच्या ओळखीचा होता.

मागच्या वर्षी याच पलंगावर लायब्ररीतल्या एक बाई झोपल्या होत्या. त्यांचंही तेच, सुईचा रिपोर्ट धड इकडचा ना तिकडचा. आत्याला त्या दिवशी घरी जायची घाई होती. तिने गाठ नुसती पाहिली, मोजली नाही. कॉम्प्युटरवर जुना रिपोर्ट उघडला, तारीख बदलली आणि आकडा तसाच राहू दिला. चौदा मिलिमीटर. म्हणजे वाढ नाही, काळजी नाही.

आठ महिन्यांत त्या गेल्या. गाठ श्वासनलिकेत घुसली होती.

आत्याने हे कुणाजवळ काढलं नव्हतं.

आणि आता... वास आला.

शिळा, आंबूस. कित्येक दिवस न उघडलेल्या तोंडाचा असावा तसा. हाताखालचं जेल कोमट झालं, मग दाट. तिने प्रोब उचलला तर त्याला तारा सुटल्या... पिवळट, बेडक्यासारख्या. तो चिकटा मनगटावर आला आणि हळूहळू कोपराकडे चढायला लागला.

आत्याने झटक्यात हात मागे घेतला.

“मॅडम,” बाई डोळे मिटूनच म्हणाली, “गळा दोन्ही हातांनी का धरलाय हो?”

आत्याचे दोन्ही हात हवेत होते.

मग खाकरणं ऐकू आलं... घशात अडकलेलं काही सुटत नसल्यासारखं. बाईच्या गळ्यातून नाही. मशीनच्या स्पीकरमधून. आणि स्पीकर तर बंद होता.

चौदा लिहावं आणि पळावं, असं क्षणभर आत्याच्या मनात आलंच. त्या क्षणी तिला हातावरच्या घाणीपेक्षा स्वतःची जास्त किळस आली.

“मोजली नव्हती!” ती ओरडली. “तुमची गाठ मी मोजलीच नव्हती. जुना आकडा तसाच ठेवला.”

खाकरणं थांबलं.

जेल पुन्हा पाण्यासारखं, गार. पडद्यावर तेवीस मिलिमीटर. कडा कुरतडल्यासारख्या.

बाईचं ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण वेळेत. बाई आज ठणठणीत आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर आत्याला भास झाला म्हणून मी हसण्यावारी नेलं असतं.

शनिवारी आत्या लायब्ररीतल्या बाईंच्या घरी गेली. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. मागच्या वर्षी तपासणीला तेच सोबत आले होते. तिने काही बोलायच्या आतच ते म्हणाले, “कळलंय मला. परवा पावणेचारला फोन आला होता. आधी नुसतं खाकरणं... मग तुमचा आवाज.”

आत्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“एकच सांगा, डॉक्टर. मोजायला किती वेळ लागतो?”

“अर्धं मिनिट,” आत्या म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

आत्या अजून तिथेच काम करते. हल्ली प्रत्येक गाठ मोजते आणि आकडा पेशंटला मोठ्याने वाचून दाखवते. तो फोन कुणी लावला, ते आजवर कळलेलं नाही.

पण माझी झोप उडालीय ती त्या फोनने नाही. आत्याने अकरा वर्षं रिपोर्ट लिहिलेत... त्यातले खरोखर मोजलेले किती, हे मी तिला विचारलं नाही.

आणि तिनेही आपणहून सांगितलेलं नाही.