राणीला कव्हर

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक! आमच्या उज्वलाची गोष्ट, दोन हजार दोन सालातली.

बस चुकेल म्हणून एकदा ती घरून लवकरच निघाली, आणि सातपूरच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासला अर्धा तास लवकर पोचली. बाहेरच्या खोलीत कॅरम मांडलेला, आणि एकटाच खेळत बसलेला हा... रविराज! फर्स्ट शिफ्ट सुटून थेट आलेला, नखांत अजून ऑइल.

"खेळणार?" त्याने विचारलं.

"हरशील."

आणि हरलाच की! मग काय, रोज दोघं अर्धा तास लवकर. रोज तो हरायचा, रोज हसायचा. आणि हिला ना... जिंकण्यापेक्षा ते हसूच आवडायला लागलं.

एकदा सुमन मॅडमनी फळ्यावर 'आउटप्ले' लिहिलं. "समोरच्यापेक्षा सरस खेळून त्याला हरवणं. तो मुद्दाम हरला तर हा शब्द चालणार नाही हं! करा वाक्य."

उज्वला ऐटीत उठली. "आय आउटप्ले रविराज एव्हरी डे!"

मागून त्याचा मित्र कारभारी ओरडला, "मॅडम, वाक्य चुकलं! हा आमच्या कंपनीचा कॅरम चॅम्पियन आहे. मुद्दाम हरतो लेकाचा!"

सगळा क्लास खो-खो हसला. उज्वलाचं तोंड एवढंसं झालं. सुटल्यावर तिने त्याला जिन्यातच गाठलं.

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

"नाही गं... जिंकलीस की तू अशी खुलतेस ना, म्हणून—"

"शुक्रवारी खरं खेळायचं. जिंकेल त्याने मागायचं, हरेल त्याने द्यायचं. कबूल?"

"कबूल."

शुक्रवारी काय खेळला गं तो! पण हीसुद्धा हटली नाही. शेवटी दोघांची एकेकच सोंगटी उरली, आणि हिने राणी घेतली! आता फक्त कव्हर, म्हणजे लगेच आपली सोंगटी घ्यायची. हिची पांढरी अगदी भोकाच्या तोंडाशी.

तो हळूच म्हणाला, "मी जिंकलो तर काय मागणार आहे, माहितीये?"

"गप्प बस."

माहीत होतं ना तिला! नेम चुकवला की तो जिंकणार, तोच विचारणार. हिने नुसतं लाजून मान हलवायची. आणि सोंगटी घेतली तर... स्वतःच्या तोंडाने विचारायचं! बोट स्ट्रायकरवर तसंच थांबलेलं... पण त्याने मुद्दाम हरलेलं हिला चाललं नव्हतं ना?

टक्!

या वेळी तो हसला नाही. कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "खरंच हरवलंस की गं." मग स्ट्रायकर बाजूला सारला. "माग."

उज्वला बोर्डावरच्या पावडरीत बोटाने रेघा ओढत होती. "उद्या शनिवार... सुट्टीच आहे तुला. सोमेश्वरला... धबधब्यावर... चार वाजता... येशील?"

"नाही."

तिने दचकून वर बघितलं.

"साडेतीनला येईन," तो म्हणाला. "आपण अर्धा तास लवकर भेटतो ना?"

आता तू सांग, अगदी खरं... राणी हातात, सोंगटी भोकाच्या तोंडाशी, आणि समोर तो. तू असतीस तर काय केलं असतंस?