वैशाखऱ्याचा वीरगळ

कंदील जरा बारीक करा, पोरांनो. हे टोकावड्याच्या वाल्मिक मास्तरांचं. त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

सन एकोणीसशे अडतीस, कार्तिक वद्य चतुर्दशी. मास्तर दुपारी कागद आणि कोळसा घेऊन वैशाखऱ्याला निघाले, तिथल्या वीरगळाचा ठसा घ्यायला. लढाईत पडलेल्या कुणा वीराची ती कोरीव शिळा, पार रानात. जुनी देवळं, कोरलेले दगड यांपायी मास्तरांनी जन्मभर पायपीट केली. हा वीरगळ मात्र त्यांनी एकट्या चंदरला दाखवला होता. चंदर गाडीवान, लहानपणापासूनचा जिवलग.

पोचले तर शिळेच्या जागी खड्डा.

गुरं वळणारी हौसा म्हणाली, "परवाच चंदरदादानं गाडीत घालून नेला ना! मुंबईच्या सायबाला द्यायचाय, मास्तरांनीच सांगलंय, म्हनला."

मास्तर खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. दगड गेला, ते दुःख होतंच. पण आपलंच नाव पुढं करून नेला... ते काही गिळवेना. उठले तेव्हा गडद अंधारलं होतं.

परतीच्या वाटेवर समोरून गाडी आली. कंदील नाही. घुंगरं नाहीत. नुसती चाकं करकरत होती. मास्तरांनी काडी ओढली. गाडीवर चंदर.

"तुलाच दाखवला होता रे! दुसऱ्या कुनाला नाय."

चाकं करकरतच राहिली.

"मागायचास तरी... आन् माझं नाव कशाला..."

चंदरची मान खालीच. काडी विझली. चाकं पुढं गेली... वैशाखऱ्याकडं. मास्तरांनी हाक मारली नाही.

गावात आले तर चंदरच्या दारात माणसं. त्याची बायको रंगू ऊर बडवत होती. शेजारचा धर्मा आसनगावाहून नुकता आलेला.

"काल ठेसनात शिळा उतरवताना दोर तुटला, मास्तर. छातीवरच आली. गाडी, बैल तिथंच हायेत."

मास्तरांनी वळून वैशाखऱ्याच्या वाटेकडं पाहिलं.

उजाडताच चौघांना घेऊन ते रानात गेले. शिळा जागेवर उभी होती. ठसा त्यांनी घेतला नाही, पुढंही कधी नाही. मरेपर्यंत एवढंच म्हणायचे, "आनून दिला रे... पन एक शब्द बोलला नाय."

आणि दवानं ओल्या मातीत दोन चाकोऱ्या थेट शिळेपाशी आलेल्या. मध्ये बैलाचा एक खूर नाही. परत गेलेली चाकोरीही...

नाही.