अकराव्या पानाची चूक

न्यायमूर्तीबाईंच्या निवृत्तीला चार दिवस उरले असताना त्यांचा निकाल फुटला. गिरणीच्या जागेचा निकाल उद्या लागायचा होता. आजच त्याची टाइप केलेली अकरा पानी प्रत गिरणीच्या वकिलांनी मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवली. निनावी पाकिटातून आली, म्हणाले. बाईंचं दालन विकलं गेलंय, खटला दुसऱ्याकडे द्या.

बाईंचा मूळ निकाल उद्यापर्यंत सीलबंद होता, त्यामुळे ताडून पाहायची सोय नव्हती. मुख्य न्यायमूर्तींनी खरंखोटं शोधायला संध्याकाळपर्यंत मुदत दिली. ज्या कोर्टाच्या दारात वडिलांनी पट्टेवाला म्हणून पुकारा केला, तिथंच बाई एकोणीस वर्षं न्यायाला बसल्या होत्या. आता जाताना हा डाग.

खासगी गुप्तहेर टाचणी आणि त्यांचे सोबती मास्तर कामाला लागले. मास्तरांचा संशय सरळ स्टेनोवर. स्टेनोनं जुन्या वह्यांचा गठ्ठा पुढे केला. प्रत्येक निकालानंतर एक पान कोरं.

"कागदाची नासाडी," मास्तर पुटपुटले. स्टेनोनं असं पाहिलं, की ते चष्मा पुसू लागले.

बाईंचे यजमान घरी भेटले. निकालाचं विचारताच हसले. "तीस वर्षं हिला वाढतोय. ताट संपेपर्यंत मीठ कमी की जास्त, तेसुद्धा कळू देत नाही."

वकील मात्र ऐसपैस बोलले. बाईंचे छापील निकाल त्यांना तोंडपाठ होते. समोर उभं राहायची वेळ मात्र याच खटल्यात पहिल्यांदा आली होती.

संध्याकाळी सगळे मुख्य न्यायमूर्तींच्या दालनात जमले.

"वकीलसाहेब, प्रतीत शेवटचा हुकूम आहे?" टाचणींनी विचारलं.

"आहे की. अकराव्या पानावर. आम्ही हरलो."

"मग ही प्रत बाईंची नाहीच. बाई कारणं आधी स्टेनोला सांगून ठेवतात. हुकूम भर कोर्टात, दोन्ही पक्षांना एकाच क्षणी. तो त्या स्वतःच्या हातानं मूळ प्रतीवर लिहितात, म्हणून स्टेनोच्या वहीत ते पान कोरंच राहतं. स्टेनोला हे ठाऊक, यजमानांनाही कल्पना. छापील पुस्तकात मात्र हुकूम आयता जोडून येतो. बाईंची भाषा तुम्ही हुबेहूब उचललीत, पण रीत पुस्तकात नव्हती. हरायची धास्ती होती, म्हणून न्यायाधीशच बदलायला निघालात."

वकिलांचा हात प्रतीकडे सरकला. मुख्य न्यायमूर्तींनी तिच्यावर पेपरवेट ठेवला. "ही आता इथंच राहील. खटलाही बाईंकडेच."

बाहेर आल्यावर मास्तरांना राहवेना. "बाई, पण जिंकणार कोण?"

"उद्या सांगेन. तुम्हाला आणि गिरणीवाल्यांना एकदमच."

बाईंच्या मागून वह्या घेऊन निघालेला स्टेनो मास्तरांपाशी थांबला.

"नासाडी म्हणालात ना, साहेब? त्या कोऱ्या पानासाठीच मी इथं एकोणीस वर्षं टिकलो."