पोकळ अंडी

खडकांमागच्या त्या खाडीकडे आम्ही निघालो ते मूठभर प्लवकांसाठी! रव्याच्या कणाएवढे हे समुद्री जीव म्हणजे आमच्या मत्स्यबीज केंद्रातल्या माशांच्या पिल्लांचं एकमेव अन्न. पण केंद्राचे प्रमुख असलेल्या सरांनी टाक्यांत अँटिबायोटिक ओतलं आणि तेव्हापासून प्लवकांची अंडी फुटेनात. त्यांच्या अंगात राहणारे जीवाणू मेले की अंडी पोकळ निघतात, असं माझं म्हणणं. "जंतूंवाचून कुणाचं अडतं का!" हे सरांचं. केंद्र बंद पडायची वेळ आली, तेव्हा कुठे ते नवे प्लवक आणायला तयार झाले. होडी हाकायला माझा दादा. त्याचं पोटही केंद्रावरच.

खडकांतली फट जेमतेम होडीच्या रुंदीची. भरतीच्या लाटेवर दादाने होडी अलगद आत घातली. आत पाणी निवांत होतं. जाळं ओढून पाण्याने भरलेल्या कॅनमध्ये रिकामं केलं, तर कॅन नुसता वळवळायला लागला! माद्यांना अंड्यांच्या पिशव्या लटकलेल्या. मला रडूच आलं.

निघताना वारा फिरला. लाट आली. होडी आडवी! कॅन काठावरून घसरला. दादाने झेप घेतली. कॅन वाचला, दादाचा उजवा हात मात्र होडी आणि खडकाच्या मध्ये चिरडला. मी सुकाणू धरलं. दुसरी लाट! होडी उसळली आणि आम्ही बाहेर!

मोकळ्या पाण्यात इंजिन मंद करून मी दादाच्या हाताला फडकं गुंडाळलं. दोन बोटांचा चेंदामेंदा झाला होता. मागे सर कॅनवर वाकले होते.

"काय टाकताय, सर?"

"अँटिबायोटिक. वाटेत नमुने सडायला नकोत. नेहमीचंच आहे हे."

"अहो, ज्या जंतूंसाठी आलो तेच मारलेत!"

"मेलंय कोण? बघ, कसे पोहतायत!"

पोहत होते खरेच. केंद्रातलेही असेच पोहत होते.

"परत फिरव," दादा म्हणाला. "एकदा जमलं, पुन्हा जमेल." चेहरा पांढराफटक, फडकं रक्ताने भिजलेलं.

"गप बस. आधी तुझा हात." मी होडी बंदराकडे वळवली.

डॉक्टरांनी ती दोन बोटं काढली. टाकीत प्लवक मजेत पोहले, त्यांनी अंडीही घातली. त्यांतून पिल्लू एकही निघालं नाही.

केंद्राला कुलूप लागलं, त्या दिवशी सर दादाला भेटायला आले. आल्या आल्या मोरीत जाऊन त्यांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

"जखमेला जंतू लागायला नकोत," म्हणाले.

त्यांचं डोकं धरून केंद्रातल्या टाकीत बुडवावं, असं वाटून मी उठलेच. दादाने डाव्या हाताने मला खाली बसवलं.