डायनिंग टेबलावरचा चेनसॉ

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर मी हा विषय काढत नाही. तो दिवा राहू दे, मालवू नकोस.

कुरिअरवाला आला तेव्हा मी भांडी घासत होते. साबणाच्या हातानेच सही केली आणि खोकं घरात घेतलं. तशी खोकी कितीतरी दिवस येत होती. एकात पिस्टन, एकात कार्बोरेटर, एकात नुसतेच स्क्रू. आमच्या ह्यांनी घरी चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची करवत, जुळवायचा घाट घातला होता. तयार विकत आणायचा नाही, तर कुठकुठल्या कारखान्यांचे स्वस्तातले सुटे भाग मागवून एकेक जोडायचा. ज्या माणसाने एकदा मिक्सर उघडला आणि तो पिशवीत भरून दुकानात न्यावा लागला, त्या माणसाने.

सांगायला कारण झाडाचं होतं. मागच्या अंगणातलं वाळकं झाड स्वयंपाकघराच्या छपरावर कललं होतं. मी म्हणत होते, तोडणारा माणूस बोलवा. तर म्हणे, "घरात चेनसॉ असताना?" घरात चेनसॉ नव्हता. घरात खोकी होती.

खरं कारण मला ठाऊक होतं. माझे दीर झाडं तोडायचंच काम करायचे. असल्या मशीनला पुढे ब्रेकचा दांडा असतो. मशीन उसळून अंगावर आलं की हात त्या दांड्यावर आपटतो, आत एक पोलादी पट्टी आवळली जाते आणि चेन जागच्या जागी थांबते. भाऊजी तो ब्रेकच काढून ठेवायचे. "मध्ये मध्ये येतो हो, वहिनी." किती डोकं फोडलं मी त्यांच्यापुढे. शेवटी एक दिवस मशीन उसळलं आणि त्याला थांबवायला काही नव्हतं. त्यानंतर ह्यांनी भावाचं नाव घेतलं नाही. वर्ष उलटल्यावर मात्र हुबेहूब तसंच मशीन बनवायला बसले. त्यामुळे मी चिडत होते, पण बंद करा असं म्हणवत नव्हतं.

चिडायला कारणं भरपूर होती. डायनिंग टेबल गेलं ते गेलंच, आम्ही ओट्याशी उभं राहून जेवू लागलो. चहाला पेट्रोलचा वास, उशीला पेट्रोलचा वास. एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात जाईना, की हे माझ्याकडे असे बघत, जणू ते भोक मीच पाडलंय.

एकदाचं जुळलं. ब्रेक सगळ्यात शेवटी बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवायला उठले, तर ब्रेकचं झाकण उघडलेलं आणि आतली पट्टी स्वच्छ पुसून फडक्यावर ठेवलेली. फडकं माझं, भांडी पुसायचं.

"बसवलात आणि परत काढलात?"

"मी कशाला काढू? तूच हात लावला असशील."

"मला दुसरे उद्योग नाहीत का?"

ह्यांनी पुटपुटत ब्रेक परत बसवला. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. त्यावरून आमचं असं वाजलं की शेजारीण काही लागतंय का विचारायला आली. मग मी मशीन उचलून कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या उशाखाली घेतली. म्हटलं, आता बघतेच कोण काढतं ते.

सकाळी कुलूप मीच उघडलं. पट्टी फडक्यावर होती. ते फडकं मी धुऊन बाहेर दोरीवर वाळत घातलं होतं. आणि कपाटात वास कोंडला होता. पेट्रोलचा नव्हे, त्याची सवय झाली होती. ताज्या कापलेल्या लाकडाचा. त्या मशीनने अजून एक काडीसुद्धा कापली नव्हती.

हे माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"त्याला कधीच आवडायचा नाही…" हे हळूच म्हणाले. "ब्रेक."

भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मी वैतागले. जिवंतपणी या माणसाने माझं ऐकलं नाही, आणि आता तीच खोड माझ्या नवऱ्याच्या जिवावर! हे अंघोळीला गेले तशी मी कपाटासमोर उभी राहिले.

"भाऊजी, पुरे झालं," मी म्हटलं. "तुम्ही तुमचं करून बसलात. ह्यांना तरी धडधाकट राहू द्या. ब्रेकला हात लावायचा नाही. जा आता इथून."

तो वास हळूहळू कमी होत गेला, कुणी मान खाली घालून निघून जावं तसा.

ह्यांनी ब्रेक पुन्हा बसवला, आणि दुसऱ्या दिवशी तो जागेवरच होता. मला इतकं हायसं वाटलं की मी ह्यांना स्वतःहून म्हटलं, पाडा एकदा ते झाड.

दुपारी आभाळ भरून आलं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. दोरी ओढून ओढून हे घामाघूम झाले तेव्हा कुठे मशीन सुरू झालं. खोडाला चेन लागली, भुसा उडायला लागला. मग पात्याचं टोक कुठल्याशा फांदीला अडलं आणि मशीन उसळून सरळ ह्यांच्या तोंडावर आलं. ह्यांचा हात दांड्यावर आपटला. चेन थांबली. हनुवटी आणि चेन यांच्यात चार बोटांचं अंतर होतं.

हे आत आले, मशीन टेबलावर ठेवलं आणि धपकन बसले. "ब्रेक लागला," एवढंच म्हणत राहिले. "ब्रेक लागला बघ…"

मी झाकण उघडलं. एवढ्या दिवसांत तेवढं मला येऊ लागलं होतं. पट्टीचे दोन तुकडे झाले होते. तुटलेली कड अर्धी चकचकीत होती आणि अर्धी गंजून काळी. म्हणजे चीर पहिल्यापासूनच होती. नव्या कोऱ्या खोक्यातून चिरलेली पट्टी आली होती. रोज सकाळी ती पुसून माझ्या डोळ्यांपुढे ठेवली जात होती, आणि मी फडक्यावरून भांडत बसले होते.

"मग चेन थांबली कशाने?" हे म्हणाले.

चेनच्या दातांत काहीतरी घट्ट अडकलं होतं. मी चिमट्याने ओढून काढलं. चामड्याचा तुकडा होता, हातमोज्याच्या बोटाचा. ह्यांचे दोन्ही मोजे शेजारीच पडले होते, अख्खे. या तुकड्यावर पिवळ्या दोऱ्याचा टाका होता. तो टाका मीच घातलेला, काळा दोरा संपला होता म्हणून, आणि भाऊजी त्यावरून मला किती चिडवायचे. ते मोजे शेवटच्या दिवशी त्यांच्या हातात होते. त्यांच्याबरोबरच गेले.

तुकडा ओला होता. मी तो वर्तमानपत्रावर ठेवला. कागद लाल भिजला. बदलला, तर तोही भिजला. हे समोर बसून फोनवर नवी पट्टी शोधत होते.

"भाऊजी…" मी टेबलावर तळहात पुढे केला. "हात बघू."

टेबलाच्या पलीकडच्या कडेला, कागदापासून लांब, एक थेंब पडला. मग दुसरा, जरा माझ्या बाजूला.