तीन नंबरचा वारा

"पडला! पुन्हा पडला! राज, खरं सांग, तूच हात लावलास ना?"

स्नेहल कमरेवर हात ठेवून दारातच थांबली. तिचा दहा वर्षांचा भाऊ राज खिडकीत बसून चिकू खात होता.

"आईशप्पथ नाही, ताई! माझे दोन्ही हात चिकट आहेत. मी हात लावला असता तर बोर्ड पडला नसता, चिकटून बसला असता!"

मुद्दा बिनतोड होता. पण स्नेहलचा संशय इतक्या सहज फिटणारा नव्हता. तिने मोर्चा वळवला धम्मपालकडे.

"मग तुझा गोंद कच्चा आहे."

"माझा गोंद?" धम्मपाल उसळलाच. "मी चिकटवलेला पूल हातोडीने तुटणार नाही! आधी इथे मांजर येतं का ते बघ!"

"भांडा, भांडा!" राखी वैतागून म्हणाली. "तिसऱ्यांदा पडलाय. आणि दर वेळी पडतो तो नेमका माझ्या आईच्या गाडीवर! आत्ता तर छप्परच चेपलंय."

ही सगळी भानगड चालली होती जीवनकाकांच्या घरी. जीवनकाका रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. कसाऱ्याचा घाट चढण्याउतरण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन ते नाशिक रोडच्या कॉलनीत राहायला आले आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या खोलीत त्यांनी छोटी रेल्वे मांडली. बोगदे, दऱ्या, इगतपुरीचं स्टेशन, मागचं धरण, डोंगरावर चरणाऱ्या शेळ्यासुद्धा! फक्त गाडी घाट चढून नाशिक रोडला आली की पुढे नुसती कोरी फळी.

"काका, हे स्टेशन आहे की वाळवंट?" सुट्टीच्या पहिल्याच दिवशी स्नेहलने विचारलं होतं. मोठ्यांना प्रश्न विचारले की काम अंगावर येतं, हे तिला तेराव्या वर्षीही कळलेलं नव्हतं.

"मग बांधा की शहर!" काका म्हणाले. "पण एक अट. जे दिसतं तेच बांधायचं. मनाचं काही घालायचं नाही आणि असलेलं काही गाळायचं नाही."

झालं! चौघं कामाला लागले. जुन्या लग्नपत्रिकांच्या भिंती झाल्या, पॉलिशपेपरचे रस्ते झाले, हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजची झाडं झाली. स्टेशनसमोरची 'शेखर प्लाझा' ही तीन मजली इमारत धम्मपालने उभारली. तिच्या गच्चीवर रस्त्याच्या बाजूला जाहिरातीचा अवाढव्य बोर्ड होता, तोही त्याने तारेचा सांगाडा करून हुबेहूब बनवला. त्या बोर्डाच्या बरोबर खाली फुटपाथला लागून राखीच्या आईची पाववड्याची गाडी. ती अर्थातच राखीने बनवली, अगदी कढईसकट.

"काय गलका आहे रे?" जीवनकाका घाम पुसत आत आले. "बोर्ड पडला? उचला, पुन्हा लावा. आणि पंखा लावा आधी, जीव चाललाय!"

धम्मपालने बोर्ड उभा केला. बुडाशी भरपूर गोंद ओतला. तो नीट वाळेपर्यंत सगळे दम धरून बसले. मग राजने टेबलफॅनचं बटण दाबलं आणि मोठ्या ऐटीत तीन नंबरवर नेलं.

धप्प! बोर्ड थेट गाडीवर!

"चोर सापडला!" राज ओरडला. "पंखा! आणि तुम्ही माझ्यावर आळ घेतला! माफी मागा आधी!"

माफी मागायला कुणालाच वेळ नव्हता, कारण धम्मपाल कपाळाला आठ्या घालून इमारतींकडे पाहत होता. सगळ्यांना तोच पंखा, तोच वारा. रिक्षा थांब्याचं पत्र्याचं छप्परही जागचं हललं नव्हतं.

"मी काही चुकलेलो नाही," तो हळूच म्हणाला. त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. मागच्या गल्लीतल्या एका गच्चीवरून काढलेल्या त्या फोटोत शेखर प्लाझाच्या बोर्डाची पाठ स्पष्ट दिसत होती. "हा बघा. शेजारच्या इमारतीवरच्या बोर्डाला मागून तिरके टेकू आहेत. याला एकही नाही. नुसता उभा आहे. मी दिसलं तसंच बनवलं."



"मग खरा बोर्ड..." राखीचा आवाज अडखळला. "काका, खरा बोर्डही असाच पडेल?"

"तार आणि गोंदावरून खऱ्या लोखंडाचं काही ठरत नाही, पोरी," काका म्हणाले. पण त्यांचाही चेहरा गंभीर झाला होता. "संशय मात्र येतो. आणि संशय आला की घरी बसून चघळायचा नाही, जाऊन बघायचं."

* * *

शेखर प्लाझाच्या जिन्यात पाटी होती: 'वाढदिवस, साखरपुडा, डोहाळजेवणासाठी गच्ची भाड्याने मिळेल.' त्या गच्चीची राखण गोरक्ष करत असे. त्याने चौघांना आपादमस्तक न्याहाळलं.

"काय पायजे?"

"गच्ची बघायचीय," स्नेहल साळसूदपणे म्हणाली. "माझ्या भावाचा वाढदिवस आहे."

"कधी हे?"

"डिसेंबरमध्ये!" राज अभिमानाने म्हणाला. धम्मपालने त्याला कोपर मारलं, पण बाण सुटला होता.

"डिसेंबर? आत्ता तर मे चालू हे!"

"तेव्हा गर्दी असते ना लग्नांची!" स्नेहलने सावरून घेतलं. "आमचे बाबा म्हणतात, वेळेवर धावपळ नको."

गोरक्ष पुटपुटत वर आला. गच्चीवर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं होतं, दिव्यांच्या माळा होत्या, फोटो काढायला फुलांची कमान होती. पलीकडे बोर्डाची पाठ आभाळात चढली होती. वारा आला की ती कर्रर्र करून कण्हायची. खालून रस्त्याच्या गोंगाटात हा आवाज कधी ऐकू आलाच नव्हता! राखीच्या अंगावर काटा आला.

"ए, इकडे बघ," ती धम्मपालच्या कानात कुजबुजली. "कुंड्या."

बोर्डापासून थोड्या अंतरावर, ऐन वाटेत, चार मोठ्या कुंड्या ओळीने ठेवल्या होत्या. कठड्याला इतकी मोकळी जागा असताना माणसांनी ठेचकाळावं अशा ठिकाणी कुंड्या कोण ठेवतं?

"काका, ही कुंडी बाजूला घेतली तर केकचं टेबल मावेल का?" स्नेहलने गोरक्षला विचारलं.

"कुंडीला हात लावायचा नाय!" गोरक्ष एवढ्या जोरात खेकसला की कबुतरं उडाली.

राजला 'हात लावू नको' म्हणणं म्हणजे निमंत्रणच. "अरे, पाय घसरला!" म्हणत त्याने कुंडीला असा काही धक्का दिला, की ती कलंडलीच. खालच्या गवताला भोक होतं, आणि भोकातून लोखंडाचा जाड खुंट वर आला होता. वरून सरळ कापलेला!

"टेकू होते!" धम्मपाल ओरडला आणि त्याने खटाखट फोटो काढले. "चार कुंड्या, चार खुंट! कुणीतरी टेकू कापलेत!"

"चला! चला खाली शेठकडं!" गोरक्षने दोघांची मनगटं पकडली. त्याच्या कपाळावर मात्र घाम आला होता.

तळमजल्यावरच्या दुकानात इमारतीचे मालक शेखरशेठ बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले.

"अरे, लहान पोरं तुम्ही! तो बोर्ड हत्तीने ढकलला तरी हलायचा नाही. दोन उन्हाळे गेले, काही झालंय का?"

"पण टेकू कुठे गेले?" राखीने विचारलं.

शेठचं हसू मावळलं. त्यांनी राखीकडे नीट पाहिलं.

"तू लताबाईची मुलगी ना? फार भीती वाटते का गं तुला बोर्डाची? मग सोपं आहे. खालची गाडीच हलवायला लावतो. सांग आईला."

राखीच्या तोंडचं पाणीच पळालं.

* * *

"कुणी सांगितलं होतं नसत्या उचापती करायला?" लताबाई कढईत झारा आपटत म्हणाल्या. "शेठनी जागेवरून उठवलं तर कुठं जायचं आपण? ह्या गाडीवर तुझी शाळा हे, घर हे. पुन्यांदा त्या बोर्डाचं नाव काढायचं नाय! गप ऱ्हायचं!"

"आई, पण तो तुझ्या डोक्यावर..."

"गप म्हणले ना!"

स्नेहलने आपल्या आत्याला गाठलं. ज्योत्स्नाआत्या बांधकाम खात्यात इंजिनिअर होती. ती लॅपटॉपमधून मान वर न करताच म्हणाली, "पुठ्ठ्याचा बोर्ड पडला म्हणून खऱ्याची तपासणी? अगं, सुट्टी आहे, खेळा ना जरा!"

"फोटो तरी बघ!"

"बघते हं, नंतर."

मोठ्यांचं 'नंतर' म्हणजे काय, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी चौघं तोंडं पाडून काकांच्या खोलीत बसले. रविवारी काकांची ही रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये मांडून तिचं प्रदर्शन भरणार होतं.

"माझ्यामुळे तुझ्या आईची गाडी जायला नको," धम्मपाल राखीला म्हणाला. "आपण बोर्डच काढून टाकू. नुसती गच्ची दाखवू."

राखी बराच वेळ चेपलेल्या छपराची गाडी हातात घेऊन बसली होती. रात्रभर तिला झोप लागली नव्हती. बोललं तर आईची जागा जाणार. नाही बोललं तर... पुढचा विचार तिला करवत नव्हता. एकाएकी तिने गाडी जागेवर ठेवली.

"बोर्ड राहू दे. आईची गाडीही राहू दे, जिथे आहे तिथेच. मी गप बसणार नाही!" तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "शेठना प्रत्येक कार्यक्रमात फोटो काढून घ्यायला आवडतं ना? त्यांनाच प्रमुख पाहुणे बोलवा. आपण काही बोलायचंच नाही. त्यांच्याच तोंडून वदवायचं!"

* * *

रविवारी हॉल खचाखच भरला. छोटी गाडी शिट्टी वाजवत बोगद्यातून निघाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शेखरशेठ नारळ फोडून थेट आपल्या इमारतीपाशी आले.

"वा वा! माझा प्लाझा! अरे, जिन्याची खिडकीसुद्धा केलीय! काढा, फोटो काढा!"

"सगळं हुबेहूब आहे, शेठ," धम्मपाल नम्रपणे म्हणाला. "बघा ना, काही राहिलंय का?"

"छे छे! एकदम तंतोतंत!"

"आता नाशिक रोडचा वारा," स्नेहलने जाहीर केलं. "राज, पंखा!"

"एक नंबर!" राज ओरडला. स्पंजची झाडं हलली. "दोन नंबर!" बोर्ड थरथरला. शेठ उगाच खाकरले. "तीन नंबर!"

धप्प! बोर्ड पाववड्याच्या गाडीवर आडवा झाला. छोटी कढई उडून शेठच्या बुटावर पडली. लोक आधी हसले. मग ज्यांनी त्या गाडीवर सकाळीच पाववडा खाल्ला होता, त्यांचं हसू थांबलं.

"काय हा पोरखेळ!" शेठ लालबुंद झाले. "चुकीचं बनवलंय! माझ्या बोर्डाला मागून चार टेकू आहेत, चांगले जाडजूड! ते लावलेच नाहीत गाढवांनी!"

"चार टेकू?" राखी पुढे आली.  "नक्की ना शेठ? असायलाच हवेत ना?"

"म्हणजे काय! त्यांच्याशिवाय एवढा बोर्ड उभा राहील का?"

 शेठनी तोंड मिटलं, पण फार उशीर झाला होता.

"मग ते आहेत कुठे?" राखीने विचारलं.

धम्मपालने पडद्यावर फोटो लावला: कलंडलेली कुंडी आणि कापलेला खुंट. मागच्या रांगेतून ज्योत्स्नाआत्या ताडकन उठली.

"शेखरशेठ, हे टेकू कुणी कापले?"

शेठ दाराकडे सरकू लागले. दाराशी उभ्या गोरक्षला मात्र राहवलं नाही.

"मॅडम, शेठच्या पुतणीच्या साखरपुड्याला स्टेज मावंना म्हणून कापले. शेठ म्हणले, कार्यक्रम झाला की परत जोडू. मग गच्चीला गिऱ्हाईक येत गेलं, अन् ऱ्हाऊन गेलं. मला म्हणले, कुंड्या ठेव."

"राहून गेलं?" जीवनकाकांचा आवाज चढला. "उद्या माणसं गेली असती, तेव्हाही हेच म्हणाला असता?"

"मी... मी करणारच होतो," शेठ चाचरले. "तोवर ती खालची गाडी हलवून..."

"आमची गाडी का?" राखी ओरडलीच. आता तिला कुणाचीच भीती वाटत नव्हती. "चुकीचा तुमचा बोर्ड, आणि हलायचं आम्ही? बोर्ड हलवा!"

"बरोबर आहे!" गर्दीतून आवाज उठला. "बोर्ड हलवा!"

ज्योत्स्नाआत्याने तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. तासाभरात ती गच्चीवर होती. बोर्डाच्या पायातले बोल्टही गंजून गेले होते. त्याच संध्याकाळी खालचा रस्ता दोरी बांधून बंद झाला आणि जाहिरातीचा फ्लेक्स उतरवला गेला, पुढच्या दोन दिवसांत सांगाडाही कापून खाली आणला. तोवर लताबाईंची गाडी शेठच्याच पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, दोरीच्या बाहेर उभी होती. ती सोय शेठनी स्वतः केली, ज्योत्स्नाआत्या समोर उभी असताना.

"मी फोटो त्याच दिवशी बघायला हवे होते," आत्या मुलांना म्हणाली. "मी शिकले ते लोखंड आणि वारा. तुम्ही मात्र डोळे उघडे ठेवलेत. शाब्बास रे पोरांनो!"

"माझी अट पाळलीत," जीवनकाका म्हणाले.  त्यांनी राखीच्या डोक्यावरून हात फिरवला.

शुक्रवारी दुपारी आभाळ अचानक पिवळं झालं आणि वावटळ सुटली. धुळीचे लोट उठले, रिक्षाचे पडदे फडफडले, कुठूनसा एक पत्रा खणखणत रस्त्यावरून गेला. आपल्या जुन्या जागी परतलेल्या गाडीवर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी दचकून वर पाहिलं. वर नुसती गच्ची होती आणि मोकळं आभाळ.

लताबाईंनी गॅस बंद केला. पिठाने भरलेले हात तसेच ठेवून त्या कितीतरी वेळ वर बघत राहिल्या.

"मी तुला गप ऱ्हाय म्हणले होते," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"इथून पुढं मी गप म्हणले, तरी बोलायचं. ऐकलं का?"

राखीने मान हलवली. लताबाईंनी तिला घट्ट जवळ ओढलं, आणि जूनसाठी नुकत्याच आणलेल्या, तिच्या खांद्यावरच्या नव्याकोऱ्या दप्तराला बेसन लागलं.